तारकाचिन्हाचे जनक : स्टीफन क्लेनी

संगणकावर काम करणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला '*' या चिन्हाचा अर्थ विचारावा. तो क्षणाचाही विलंब न लावता 'काहीही' असे उत्तर देतो. फाईल शोधताना तारका टाकावयाची, पुढे बिंदू व फाईलचा प्रकार लिहावयाचा, की त्या प्रकारच्या साऱ्या फाईल समोर हजर होतात, हा त्याचा रोजचा अनुभव असतो. परंतु हेच चिन्ह जेव्हा रेग्युलर एक्स्प्रेशन नावाच्या नमुनालेखनात येते तेव्हा त्याचा अर्थ 'काहीही' असा राहत नाही. तेथे त्याचा अर्थ होतो : माझ्या आधी जे लिहिले आहे ते शून्य वेळा, एकदा किंवा कितीही वेळा. वर्गात हा फरक शिकविताना मला दरवर्षी एक तास पुरत नाही. तास संपल्यावर फळ्यावर एक नाव मी मुद्दाम लिहून ठेवतो, स्टीफन कोल क्लेनी. इंग्रजी वर्णाक्षरांवरून पुष्कळजण ते 'क्लीन' असे वाचतात. त्यांच्या घरात मात्र उच्चार 'क्लेनी' असाच होता. ज्यांचे चिन्ह आपण दिवसातून शंभर वेळा वापरतो त्यांचे नाव तरी नीट घ्यावे, एवढ्याचसाठी हा लेख लिहावयास घेतला असे म्हटले तरी चालेल.

क्लेनी यांचा जन्म ५ जानेवारी १९०९ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या हार्टफर्ड या गावी झाला. वडील गुस्ताव क्लेनी तेथील ट्रिनिटी कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, तर आई ॲलिस कोल कविता लिहीत. मुलाच्या नावातील 'कोल' हे आईच्या माहेरचे. जन्म कनेक्टिकटचा असला तरी त्यांचे मन लागले ते उत्तरेकडील मेन राज्यात, जेथे कुटुंबाची शेती होती. पुढे विद्यापीठात कितीही मोठे पद मिळाले तरी त्या शेतावर जाण्याचा परिपाठ त्यांनी मोडला नाही. उंचपुरा बांधा, दमदार आवाज आणि डोंगर चढण्याचे वेड हे त्यांचे विशेष विद्यार्थ्यांच्या लक्षात राहत.

१९३० साली ॲम्हर्स्ट कॉलेजातून पदवी घेऊन ते प्रिन्स्टनला आले. तेथे त्यांना गुरू लाभले ते अलोन्झो चर्च. चर्च हे त्या वेळी सर्व गणिताला पुरेल असा तर्कशास्त्राचा एक नवा पाया रचीत होते. त्याच रचनेचा एक भाग म्हणजे आज 'लॅम्डा कॅल्क्युलस' म्हणून प्रसिद्ध असलेली पद्धती. या पद्धतीत धन पूर्णांक मांडता येतात, बेरीज करता येते, गुणाकार करता येतो. पण दिलेल्या संख्येच्या आधीची संख्या कशी काढावयाची हे साधे दिसणारे काम कोणालाच जमत नव्हते. चर्च यांनाही ते अशक्य वाटू लागले होते. याचे उत्तर तरुण क्लेनींना १९३२ च्या सुमारास दंतवैद्याच्या खुर्चीत सुचले. अक्कलदाढा काढावयास गेलेल्या माणसाला अशा वेळी तर्कशास्त्र सुचावे, ही गोष्ट मराठी वाचकाला दुहेरी गंमतीची वाटेल. ती क्लेनी यांनी स्वतःच नंतर सांगितलेली आहे.

१९३४ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. तथापि याच काळात जे घडले ते सोपे नव्हते. क्लेनी व त्यांचे सहाध्यायी बार्कली रॉसर या दोघांनी मिळून दाखवून दिले की गुरुजींनी उभारलेल्या मूळ तर्करचनेत विसंगती आहे. म्हणजे त्या रचनेत खरेही सिद्ध करता येते आणि खोटेही. हा निबंध १९३५ साली छापून आला. ज्या पायावर स्वतःचा प्रबंध उभा होता तोच पाया शिष्याने खणून काढावा आणि गुरूने ते मान्य करावे, हे आपल्याकडील प्रबंधलेखनाचा अनुभव असलेल्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहावे. चर्च यांनी ढासळलेला भाग सोडून दिला व टिकून राहिलेला लॅम्डाचा भाग ठेवला. क्लेनींनी आपले काम पुन्हा नव्याने मांडले. यंत्राने पायरीपायरीने काढता येते ते कोणते आणि मुळीच काढता येत नाही ते कोणते, या प्रश्नाला आता चर्च, क्लेनी, ग्योडेल आणि लवकरच इंग्लंडातील ॲलन ट्यूरिंग असे चौघे चार दिशांनी भिडले. १९३६ साली त्यांची उत्तरे जुळली. क्लेनी यांचा सारा पुढचा व्यासंग याच प्रश्नाभोवतीचा.

१९३५ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसन या गावी अध्यापक झाले. मधल्या काळात ॲम्हर्स्टला थोडे दिवस काढले, १९४२ मध्ये नॅन्सी एलियट यांच्याशी विवाह झाला. युद्धकाळात ते नौदलात होते. न्यूयॉर्क येथे नव्या अधिकाऱ्यांना नौकानयनाचे गणित शिकविणे आणि पुढे वॉशिंग्टन येथील नौदल संशोधन प्रयोगशाळेत काम, असे त्या काळाचे स्वरूप होते. १९४६ साली ते मॅडिसनला परतले आणि मग निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले.

आता १९५१ च्या उन्हाळ्याकडे येतो. या लेखाचा विषय खरा तेथे आहे.

कॅलिफोर्नियात सांता मोनिका येथे रँड नावाची संशोधनसंस्था आहे. सुटीत तेथे काम करावयास क्लेनी गेले असता त्यांच्या हाती आठ वर्षांपूर्वीचा, १९४३ चा एक निबंध पडला. लेखक होते वॉरन मॅक्युलॉक आणि वॉल्टर पिट्स. मॅक्युलॉक हे मेंदूचे अभ्यासक. पिट्स हा तर निबंध छापला गेला तेव्हा वीस वर्षांचा, डेट्रॉइटहून घर सोडून आलेला, कोणतीही पदवी नसलेला मुलगा. शिकागोत मॅक्युलॉक यांनी त्याला आपल्या घरी आसरा दिला होता. (या पिट्सची कहाणी स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९६९ साली वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी तो एकाकी वारला.) मेंदूतील मज्जापेशी ही एक तर पेटते किंवा पेटत नाही असे धरून, अशा पेशींचे जाळे म्हणजे तर्कशास्त्राचे यंत्रच होय, असा विचार या दोघांनी मांडला होता.

क्लेनींनी त्यावर एक अगदी गणितज्ञाला शोभेल असा प्रश्न विचारला. पेशी मोजक्या आहेत. म्हणजे जाळ्याच्या एकंदर अवस्थाही मोजक्याच. बाहेरून मात्र संवेदनांची माळ कितीही लांब येऊ शकते. तर मग अशा मोजक्या अवस्थांच्या यंत्राला कोणकोणत्या माळा ओळखता येतील?

त्यांनी काढलेले उत्तर आश्चर्य वाटावे इतके आटोपशीर आहे. सुट्या चिन्हांपासून आरंभ करावा आणि तीनच क्रिया वापराव्यात. पहिली, हे किंवा ते. दुसरी, हे आणि त्याच्या पाठोपाठ ते. तिसरी, हेच पुन्हा पुन्हा कितीही वेळा. या तीन क्रियांनी ज्या माळांचे वर्णन करता येते त्याच माळा मोजक्या अवस्थांच्या यंत्राला ओळखता येतात. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. या वर्णनांना त्यांनी 'रेग्युलर' म्हणजे नियमित असे नाव दिले, पण नाव काही त्यांना फारसे पसंत नव्हते. कोणी अधिक अर्थवाही शब्द सुचविल्यास हवाच आहे, असे त्यांनी निबंधातच नमूद केले आहे. तसा शब्द कोणी सुचविला नाही आणि तात्पुरते म्हणून ठेवलेले नाव कायमचे झाले. तिसऱ्या क्रियेसाठी त्यांनी जे चिन्ह निवडले ते म्हणजे आपली तारका.

मूळ निबंध डिसेंबर १९५१ मध्ये रँड संस्थेचे टिपण म्हणून निघाला. छापील ग्रंथात तो १९५६ साली शॅनन व मॅकार्थी यांनी संपादित केलेल्या संग्रहात आला. त्यात तारका दोन पदांच्या मध्ये बसत असे : पहिले पद कितीही वेळा आणि मग एकदा दुसरे. रिकाम्या माळेचा त्रास टाळण्यासाठी ही योजना होती. १९५८ मध्ये कोपी, एल्गॉट आणि राइट या तिघांनी तारका एका पदापुरती सुटी केली, आणि आपण वापरतो तो तिचा अवतार सिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकात 'क्लेनी स्टार' वाचताना हा बारकावा माहीत असावा म्हणून सांगितले; परीक्षेत तो कोणी विचारणार नाही.

मज्जापेशींच्या जाळ्यासाठी निघालेली ही तारका फाईल शोधण्याच्या कामी कशी आली? दुवा आहे बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्प्सन यांचा. मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या कार्यक्रमात शब्द शोधताना नमुना देता यावा म्हणून त्यांनी क्लेनींची पदावली उचलली आणि १९६८ साली ती यंत्राकडून वेगाने कशी तपासून घ्यावी याची युक्ती छापली. नमुन्याचे यंत्र बनवावयाचे आणि मजकूर एकेक अक्षराने पुढे सरकवीत यंत्राच्या सर्व शक्य अवस्था एकदमच पुढे न्यावयाच्या, मागे वळावयाचे नाही, अशी ती युक्ती. ('मागे वळणे' ही नंतरच्या कित्येक संगणकभाषांनी पत्करलेली सोय आहे आणि तिची किंमत कधीकधी जबर पडते. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या एका नमुन्यात तारकांमागून तारका आल्या होत्या. त्या तपासताना जगभरची तिची यंत्रे दमून गेली आणि सुमारे २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळे बंद पडली.)

याच थॉम्प्सन यांच्या हातून युनिक्स प्रणाली आकारास आली आणि तेथे घोटाळ्याचे बीज पेरले गेले. १९७१ च्या पहिल्याच युनिक्समध्ये फाईलींची नावे थोडक्यात लिहिण्यासाठी 'ग्लॉब' नावाचा एक छोटा कार्यक्रम होता. त्यात तारकेचा अर्थ 'कोणतीही अक्षरे, कितीही' असा होता. दोन वर्षांनी आलेल्या 'ग्रेप' या शोधकार्यक्रमात मात्र तारका क्लेनींची, म्हणजे 'आधीचे पद कितीही वेळा'. एकाच प्रणालीत, एकाच कळफलकावर, एकाच चिन्हाचे दोन अर्थ नांदू लागले. ग्लॉबमध्ये *.टीएक्सटी लिहिणारा विद्यार्थी तेच नमुना म्हणून ग्रेपला देतो आणि काहीच सापडत नाही म्हणून गोंधळतो. ग्रेपच्या दृष्टीने तारकेच्या आधी काहीच नाही. पुन्हा पुन्हा करावयाचे काय? म्हणून तो बिचारा खरोखरच्या तारकेचा शोध घेत बसतो.

फाईलच्या मार्गाला, ज्याला आपण पाथ म्हणतो, हा नमुना लावताना आणखी चार ठिकाणी पाय घसरतो. उदाहरणादाखल हा मार्ग घेऊ :

/महाविद्यालय/प्रकल्प/१/अहवाल.पीडीएफ

पहिली अडचण बिंदूची. फाईलच्या नावात बिंदू हा केवळ बिंदू असतो. नमुन्यात तो 'कोणतेही एक चिन्ह' असतो. खरा बिंदू हवा असेल तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते : \. असे. दुसरी अडचण तिरक्या रेघेची. ग्लॉबमधील तारका ती रेघ ओलांडीत नाही, एका फोल्डरच्या आतच थांबते. नमुन्यातील बिंदू-तारका ही जोडी मात्र वाटेत येईल ते गिळीत शेवटच्या फोल्डरपर्यंत जाते. तिला आवरण्यासाठी [^/]* असे लिहावयाचे. अर्थ, तिरकी रेघ सोडून बाकी कोणतेही चिन्ह, कितीही वेळा. मार्गांच्या कामात हे एक पद ज्याला आले त्याचे निम्मे काम झाले असे मी वर्गात सांगतो. तिसरी अडचण विंडोजची. १९८३ साली एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा सरळ तिरकी रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच खर्ची पडली होती, म्हणून मार्गासाठी उलटी घेतली. नमुन्यात तीच उलटी रेघ विशेष अर्थाची! तेव्हा विंडोजच्या मार्गातील प्रत्येक रेघ नमुन्यात दोनदा लिहावी लागते. चौथी अडचण सर्वांत साधी आणि सर्वांत महाग : नमुना कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे न सांगणे.

या चौथीचा फटका आमच्या विद्यार्थ्यांना बसला आहे. प्रकल्पांच्या फाईली हजेरीक्रमांकाच्या फोल्डरमध्ये जमा करण्याची एक व्यवस्था बाहेरच्या एका कंत्राटदाराकडून करून घेतली होती. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थिनीने महाविद्यालय सोडल्यामुळे तिचे फोल्डर जुन्या दप्तरात हलवावे असे त्या कार्यक्रमाला सांगण्यात आले. कार्यक्रमातील नमुना होता नुसता प्रकल्प/१ एवढाच. पुढे रेघ नाही, शेवटाची खूण नाही. त्याला १ जुळला, तसेच १० ते १९ हेही जुळले. दहा मुलांचे प्रकल्प यादीतून नाहीसे झाले आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या नावापुढे 'सादर नाही' असे शेरे उमटले. त्यांतील एक मुलगा खानापूरहून रोज येजा करणारा. त्याची एकुलती एक प्रत त्याच फोल्डरात होती. रात्री साडेनऊला आमच्या प्रयोगशाळा-साहाय्यकांनी जुन्या दप्तरातून फाईली शोधून काढल्या म्हणून निभावले. नमुना असा हवा होता :

^/महाविद्यालय/प्रकल्प/१/[^/]*\.पीडीएफ$

आरंभीची टोपी म्हणते की येथूनच सुरुवात. शेवटचे डॉलरचे चिन्ह म्हणते की येथेच शेवट. आणि १ च्या पुढची तिरकी रेघ दहापासून एकोणिसांपर्यंत सर्वांना दाराबाहेर ठेवते.

आपल्या लिप्यांचे दुखणे आणखी निराळे. आजच्या प्रणालींत फाईलला मराठी किंवा कन्नड नाव देता येते. परंतु संगणकाच्या लेखी 'श्री' हे एक अक्षर नसून चार संकेत आहेत : श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. बहुतेक कार्यक्रमांत नमुन्यातील एक बिंदू यांपैकी एकच संकेत खातो, म्हणून 'श्री' पकडण्यास चार बिंदू लागतात. कन्नड विभागाच्या मित्रांनी आपल्या लिपीत हे करून पाहावे, हिशेब तोच येईल. याचा एक गंमतीदार फायदाही आहे. प्रश्नचिन्हाचा अर्थ नमुन्यात 'आधीचे पद असो वा नसो' असा होतो. त्यामुळे बेळगावी? एवढा नमुना लिहिला की त्यातील प्रश्नचिन्ह केवळ शेवटच्या वेलांटीला लागू पडते आणि गावाची दोन्ही नावे एकाच ओळीत, विनातक्रार जुळतात. संगणक तरी याबाबतीत कोणाची बाजू घेत नाही.

हे सारे कौशल्य झाले. क्लेनींनी दिलेली खरी वस्तू याहून मोलाची आहे, आणि ती म्हणजे हद्द. तीन क्रियांनी जे वर्णिता येत नाही ते मोजक्या अवस्थांच्या यंत्राला कधीच ओळखता येणार नाही, मग कार्यक्रम लिहिणारा कितीही हुशार असो.

फाईलचा मार्ग नेमका या हद्दीवर उभा आहे. मार्गात लागोपाठ दोन बिंदू आले की त्याचा अर्थ 'एक पायरी वर' असा होतो. फोल्डरचे प्रत्येक नाव म्हणजे जिन्याची एक पायरी खाली. दोन बिंदू म्हणजे एक पायरी वर. आता समजा, बाहेरच्या माणसाने दिलेला मार्ग आपल्या ठरविलेल्या फोल्डरच्या बाहेर तर जात नाही ना, एवढेच तपासावयाचे आहे. त्यासाठी किती पायऱ्या उतरलो आणि किती चढलो याची मोजदाद ठेवावी लागते. ज्याला दहाच बोटे आहेत व कागद नाही अशा पहारेकऱ्याला दहा पायऱ्यांपर्यंतचा हिशेब जमेल. अकरावी पायरी उतरली की त्याला दहा आणि अकरा यांतला भेद सांगता येणार नाही. बोटे वाढवून शंभर केली तरी एकशेएकावी पायरी आहेच. मार्गाच्या लांबीला प्रणालीने मर्यादा घातलेली असते हे खरे. पण त्या मर्यादेपर्यंतच्या सर्व शक्यता मांडणारा नमुना माणसाने वाचण्याच्या लायकीचा राहत नाही. शिवाय नमुन्याला दिसतो तो फक्त मजकूर. एखादे फोल्डर म्हणजे दुसरीकडे नेणारा दुवा असेल, तर ते डिस्कला विचारल्याविना कळावयाचे नाही. तेव्हा आधी प्रणालीकडून मार्ग पूर्ण उलगडून, दोन बिंदू आणि दुवे काढून टाकून घ्यावयाचा आणि मगच त्याच्या आरंभाला नमुना लावावयाचा, हा क्रम चुकवून चालत नाही.

ज्यांनी नुसते 'दोन बिंदू दिसले तर नकार' असे धोरण ठेवले त्यांच्याही हाती नेहमी यश येत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाचे या जगप्रसिद्ध वेबसर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीत असेच भोक निघाले. दुसरा बिंदू सरळ न लिहिता टक्क्याच्या खुणेने सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात लिहिला की तपासणी त्याला ओळखीत नसे, आणि हल्लेखोराला ठरविलेल्या फोल्डरबाहेरच्या फाईली वाचता येत. घाईने काढलेली २.४.५० ही दुरुस्तीही अपुरी ठरली; काही दिवसांतच २.४.५१ काढावी लागली. तपासणी कोणत्या रूपावर करावयाची, उलगडण्याआधीच्या की नंतरच्या, हा प्रश्न एवढ्या अनुभवी मंडळींनाही चकवून गेला.

गंमत अशी की क्लेनींच्या लेखी १९५१ चे हे काम म्हणजे एका उन्हाळ्याचा उद्योग होता. अवस्थांची मर्यादा नसलेल्या यंत्रालाही काय जमत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. १९५२ साली प्रसिद्ध झालेला 'इंट्रोडक्शन टू मेटामॅथेमॅटिक्स' हा त्यांचा ग्रंथ तर्कशास्त्राच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासिला आणि आजही ग्रंथालयात त्याची पाने वापराने मळलेली आढळतात. ब्राउवर यांच्या अंतःप्रज्ञावादी गणितावर त्यांनी रिचर्ड व्हेस्ली यांच्यासह १९६५ साली पुस्तक काढले. विद्वानांत त्यांची कीर्ती आहे ती या ग्रंथांमुळे; जगाच्या बोटांखाली आहे ती मात्र उन्हाळी तारका. माझ्या मते दोन्ही कामे एकाच स्वभावाची आहेत. काय करता येते हे सांगून थांबावयाचे नाही, काय करता येत नाही तेही सिद्ध करावयाचे, हा तो स्वभाव. तो प्रिन्स्टनच्या दिवसांपासून दिसतो.

१९६९ ते १९७४ या काळात ते मॅडिसनच्या कला व विज्ञान शाखेचे अधिष्ठाता होते. ती वर्षे शांततेची नव्हती. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीने विद्यापीठ ढवळून निघाले होते, आणि ऑगस्ट १९७० मध्ये लष्कराच्या गणित संशोधन केंद्राची इमारत लक्ष्य करून झालेल्या स्फोटात पदार्थविज्ञानाचा एक तरुण संशोधक मृत्युमुखी पडला. त्याच वर्षी क्लेनींच्या पत्नी नॅन्सी यांचेही निधन झाले. चार मुलांच्या या पित्याने पदाचा कार्यकाळ पुरा केला. १९७८ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला आणि १९७९ मध्ये ते निवृत्त झाले. १९८३ साली अमेरिकन गणित परिषदेचे स्टील पारितोषिक आणि १९९० साली अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळाले. उतारवयातही डोंगरभ्रमण आणि मेनच्या रानाची व निसर्गाची राखण हे छंद चालू होते.

२५ जानेवारी १९९४ रोजी मॅडिसन येथे वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. ज्या वेबमुळे पुढे प्रत्येक मार्ग परक्या माणसाच्या हातून येऊ लागला, तिचे तेव्हा नुकतेच बाळसे धरणे चालले होते.